ड्रिल करायची तर आपल्याच ओपीडीत करा

इथे बडोद्यात दांडिया बाजारकडच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये मी नर्स आहे आणि हल्ली आम्ही दुपारी ओपीडी संपली की अधूनमधून इमर्जन्सीची मॉक ड्रिल करतो. हॉलमध्ये बसून स्लाइड्स बघण्यापेक्षा हे शंभर पटीने कामाचं आहे असं माझं ठाम मत झालंय.

परवाचा प्रसंग बघा. इंजेक्शन दिल्यावर पेशंटच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, बीपी पडायला लागलं, म्हणजे ॲनाफायलॅक्सिस, जिवावर बेतणारी ॲलर्जी. पेशंट आमचे कंपाउंडर काकाच, आणि नाटक इतकं छान करतात ना! आता मोठ्या माणसाला ॲड्रेनालिन ०.५ मिलिग्राम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा, हे सगळ्यांना तोंडपाठ, एविल (ॲलर्जीचं औषध) आणि स्टेरॉइड नंतर हेही माहितीये. पण ॲड्रेनालिनचं अँप्युल, म्हणजे काचेची कुपी, कुठंय? कपाटात. कपाटाला कुलूप, चावी रिसेप्शनवरच्या बेनकडे आणि बेन खाली चहाला गेलेल्या. ऑक्सिजन सिलिंडर भरलेला होता पण तो उघडायचा पाना कोणालाच सापडेना. हे कुठल्या स्लाइडवर कळणार सांगा? आता ॲड्रेनालिन, सिरिंज आणि डोस लिहिलेली चिठ्ठी एका बिनकुलपाच्या लाल डब्यात, आणि पाना सिलिंडरलाच दोरीने बांधलाय.

दुसरं म्हणजे "कोणीतरी १०८ लावा" असं ओरडलं की कोणीच लावत नाही. नाव घेऊन सांगायचं, आणि ज्याला सांगितलं त्याने "लावते" म्हणायचं, लागला की "लागला" म्हणून परत सांगायचं. फोनशेजारी पत्ता खुणेसकट गुजरातीत लिहून ठेवलाय, घाईत नीट सांगता येत नाही हो. ड्रिलमध्ये खरा १०८ अजिबात लावायचा नाही, आमच्यातलंच कोणीतरी पलीकडून बोलतं.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, मात्र सरावाच्या पुतळ्यावरच, जिवंत माणसाच्या छातीवर कधीच नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

नंतरच्या चर्चेत डॉक्टरसाहेब सगळ्यात शेवटी बोलतात, हा नियम मला फार आवडतो, ते आधी बोलले की बाकीचे नुसते माना हलवतात. सफाईवाल्या मावशीसुद्धा बोलतात, स्ट्रेचर दारात अडकतं हे त्यांनीच सांगितलं.

पुढची ड्रिल भर ओपीडीत करू म्हणतेय, बसलेल्या लोकांना आधी सांगून, कारण बाकड्यावरची गर्दी कोण हटवणार हे रिकाम्या खोलीत कळत नाही.