सावली कुठल्या काठाला

रात्रीचे साडेदहा. नकाशा अजून जमिनीवरच पसरलेला आहे, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवून. परवा पहाटे निघायचं.

तळ्याच्या काठाने चालायचं म्हटलं की ऐकणारा म्हणतो, वा, सपाटच की! मीही त्याच भ्रमात होते. आज पट्टी ठेवून मोजलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत 7 किलोमीटर भरलं. मग शिवणाचा दोरा काढला, काठाच्या प्रत्येक वळणावर बोटाने दाबत नेला. 11 निघाले. तळं जमिनीत जिथे जिथे आत घुसलंय तिथे आपल्यालाही आत जाऊन परत यावं लागतं; पाण्यावरून आडवाट नसते.

जाऊन-येऊन 22. ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्तीचा, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा 1892चा हिशेब चांगल्या वाटेसाठी ठीक. सुट्या दगडगोट्यांवर मी ताशी 3 च्या वर जात नाही, हे मला गुडघ्यांनी शिकवलंय. म्हणजे सात तास चालणंच, बसणं-खाणं वेगळं.

आणि झाड एकही नाही.

म्हणून आजची सगळी संध्याकाळ सावली शोधण्यात गेली. सावली मिळाली तर डोंगराचीच. पूर्वेच्या काठामागे डोंगर आहे, तो सकाळचं ऊन अडवणार. पश्चिमेच्या काठाला तेच सुख दुपारनंतर. पूर्वेकडच्या समोच्च रेषा, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटलेल्या आहेत, किलोमीटरभरात 600 मीटर चढ. तेव्हा सूर्य साधारण 30 अंश वर येईपर्यंत त्या काठावर ऊन पडायचं नाही. उगवल्यावर दोन तास तरी हाताशी. ठरलं, पूर्वकाठ. साडेपाचला पाऊल टाकायचं आणि साडेआठला जिथे असू तिथून मागे फिरायचं. बारापर्यंत परत.

दादाला फोनवर सांगितलं तर तो चिडलाच. "अगं, मग टोक गाठणारच नाही आपण!"

"नाही गाठणार."

"इतक्या लांब जाऊन?"

त्याला टोक हवंय. मला ते 11 किलोमीटर परत यायचे आहेत हे दिसतंय, भर उन्हात, समोरून वारा. उन्हं चढली की पाण्यापेक्षा जमीन लवकर तापते आणि तळ्यावरून काठाकडे वारा सुटतो. तो मला उन्हापेक्षा धोक्याचा वाटतो. घाम जागच्या जागी सुकतो, अंगाला गार लागतं, टोपी काढावीशी वाटते. मागे एकदा अशाच वाऱ्यात "आज ऊन कुठे आहे" म्हणत हिंडले आणि रात्री पोटऱ्या आणि कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या. उंची 1000 मीटरने वाढली की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात; हे तळं 3000 मीटरवर आहे. तेव्हा पूर्ण बाह्या, मानेवर पडणारी टोपी, गॉगल, आणि सनस्क्रीन दर दोन तासांनी, हनुवटीच्या खालीसुद्धा. चेष्टा करणाऱ्याने करावी. एवढ्या उंचीवर डोकं दुखू शकतं, म्हणून आदल्या दिवशी नुसतं तिथे जाऊन झोपायचं, हेही दादाने कुरकुरत मान्य केलं.

पाण्याचा मात्र विनोदच आहे. दिवसभर उजव्या-डाव्या हाताला पाणीच पाणी, आणि प्यायचं पाठीवरून न्यायचं. या तळ्यातून एकही प्रवाह बाहेर पडत नाही. आत येणारं पाणी नुसतं वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. गाळणीने जंतू जातील, खारटपणा जाणार नाही. वाटेत एक ओढा दाखवलाय, पण तुटक निळ्या रेषेने, म्हणजे हंगामी. त्याच्या भरवशावर निघणं म्हणजे उधारीवर. तासाला अर्धा लिटर धरून सव्वातीन लिटर होतं. माणशी चार न्यायचं, म्हणजे चार किलो ओझं. बरोबर ओआरएस आणि खारवलेलं काहीतरी, कारण घामातून गेलेलं मीठ नुसत्या पाण्याने भरून येत नाही.

नकाशा मोबाइलमध्येही उतरवून घेतला. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त बॅटरी टिकायला हवी. आईच्या हाती चिठ्ठी देणार आहे: कुठला काठ, किती वाजता परत फिरणार, आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. तिने विचारलं, "चार वाजेपर्यंत वाट बघू?" दोन लिहिलं होतं, खोडून चार केलं. परतायला उशीर झालाच तर ती उगाच दोन तास घाबरेल.

आत्ता दादाचा मेसेज आला. "साडेआठ म्हणजे साडेआठ. पण पावणेनऊला वळण दिसत असेल तर?"

उत्तर दिलं नाही. सॅकमध्ये घड्याळ टाकलं, माझंच.