तुम्ही विचारलंत म्हणून: बेस लावू का गिटारच्या अ‍ॅम्पला?

बेस शिकवायला लागले तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. नवा बेस, म्हणजे खर्जात वाजणारी बेस गिटार, हातात आलेला असतो, घरात भावाचा नाहीतर मैत्रिणीचा गिटारचा अ‍ॅम्प असतो, आणि मग जरा दबक्या आवाजात विचारणा होते, “ताई, हा बेस त्या अ‍ॅम्पला लावला तर चालेल का? काही उडणार नाही ना?”

चालेल. हळू वाजवलात तर.

एवढं सांगून मी मोकळी होऊ शकते, पण ‘हळू’ म्हणजे किती हळू, यावरच सगळं येऊन थांबतं. तो नॉबवरचा आकडा नसतो. एका अ‍ॅम्पवर तीनवर धोका असतो, दुसऱ्यावर पाचपर्यंत काही होत नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटतं की बेस लावला की अ‍ॅम्पच्या आतलं सर्किट जळणार. तसं होत नाही. सर्किटला बेस काय आणि गिटार काय, दोन्ही सारखेच. पिकअपमधून (तारेचं कंपन टिपणाऱ्या भागातून) येणारा विजेचा एक छोटासा हेलकावा, बस. बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर तो हेलकावा जरा दांडगा असतो आणि आवाज लवकर फाटतो. अ‍ॅम्पला ‘हाय’ आणि ‘लो’ अशा दोन इनपुट असतील तर अशा वेळी ‘लो’ वापरा, नाहीतर बेसचाच व्हॉल्यूम उतरवा. अ‍ॅम्पला त्याने काही इजा नाही.

इजा होते ती स्पीकरला. आणि ती कशी होते हे एकदा नीट कळलं, की मला पुन्हा विचारावंच लागत नाही.

गिटारची सर्वांत जाड तार, ‘ई’, मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ८२ कंपनं होतात. बेसची सर्वांत जाड तार, तीही ‘ई’, त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, ४१ वर. पाच तारांचा बेस असेल तर त्याची खालची ‘बी’ ३१ च्या आसपास. आता स्पीकर आवाज काढतो म्हणजे काय करतो? पडदा पुढेमागे हलवून हवा ढकलतो. खर्जात जाल तसा तेवढ्याच जोराचा आवाज काढायला त्याला जास्त लांब हलावं लागतं, आणि हे प्रमाण सरळ दुपटीचं नाही. एक सप्तक खाली गेलं की हालचाल चौपट. म्हणजे गिटारच्या खालच्या ‘ई’ला पडदा अर्धा मिलिमीटर हलत असेल, तर बेसच्या ‘ई’चा मूळ सूर तितक्याच जोराने ऐकवायला त्याला दोन मिलिमीटर हलावं लागेल.

गिटारच्या स्पीकरची तेवढी झेपच नसते. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो: हलका कागदी पडदा, कडेला ताठ घड्या, आणि चुंबकाच्या फटीत बसणारी आखूड कॉइल, म्हणजे पडद्याला जोडलेलं तारेचं वेटोळं. गिटारचा तो टोकदार, चावरा आवाज यातूनच येतो. बेसचा स्पीकर या कामासाठीच घडवतात. त्याची कड लवचिक, कॉइल लांब, आणि पडदा कित्येक मिलिमीटर पुढेमागे जाऊनही कुरकुरत नाही. गिटारच्या स्पीकरला तेवढा रेटा दिला की कॉइल फटीतून बाहेर डोकावते, तिरकी होऊन घासते, नाहीतर मागे जाऊन आपटते. कधी कडेच्या घड्या उसवतात, कधी पडदाच फाटतो.

खोक्याचाही यात हात आहे. गिटारचे बरेचसे अ‍ॅम्प पाठीमागून उघडे असतात. बंद खोक्यातली हवा पडद्यामागे गादीसारखी काम करते, त्याला फार पळू देत नाही. उघड्या खोक्यात ती गादीच नाही. भरीत भर म्हणजे पडद्याच्या पुढचा आणि मागचा आवाज कडेने वळून एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून खर्ज ऐकूच येत नाही. वाजवणाऱ्याला वाटतं अ‍ॅम्प मिळमिळीत आहे, आणि तो नॉब आणखी फिरवतो. पडदा मात्र बिचारा जीव तोडून पळत असतो.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. विशीत होते, आमच्या बँडकडे बेसचा अ‍ॅम्प नव्हता, म्हणून गिटारवाल्या मित्राचा उघड्या पाठीचा, बारा इंची एका स्पीकरचा अ‍ॅम्प मी ‘फक्त आजच्यापुरता’ घेतला. ड्रमरने वाजवायला सुरुवात केली आणि माझा आवाज कुठल्या कुठे गेला. मी मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, वाढवला. मग ‘बेस’ असं लिहिलेला नॉब दिसला. आपण बेस वाजवतो, म्हणजे हा आपलाच, अशा विचाराने तो पूर्ण फिरवला. तिसऱ्या गाण्यात अ‍ॅम्पमधून फर्र फर्र ऐकू यायला लागलं. मला ते चक्क आवडलं! वाटलं, गिटारवाले मुद्दाम फाडतात तसा आवाज, डिस्टॉर्शन, आलं. पाचव्या गाण्याला आवाज कागदी पतंगासारखा फडफडायला लागला आणि मित्र गिटार खाली ठेवून उठला. पडद्याला कडेपासून आत बोटभर चीर गेली होती. पडदा बदलून अ‍ॅम्प परत आला, पण त्याचा आवाज पूर्वीसारखा नाही असं तो पुढे बरीच वर्षं म्हणत राहिला. कदाचित खरंही असेल, कदाचित माझ्यावरचा रागही असेल.

ती फर्र म्हणजे स्पीकरने दिलेला इशारा होता. फर्र, फडफड, टकटक, यांतलं काहीही ऐकू आलं की तिथल्या तिथे हात थांबवा आणि आवाज उतरवा. जळका वास आला तर अ‍ॅम्पच बंद करा, कॉइल तापली आहे. आणखी एक सोपी खूण: पाठ उघडी असेल तर आत टॉर्च मारून पडद्याकडे पाहा. खालची तार छेडल्यावर पडदा हलताना डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल, तर गिटारच्या स्पीकरसाठी ते जरा जास्तच झालं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, “पण ताई, स्पीकर साठ वॅटचा आहे आणि अ‍ॅम्प तीसचाच.” वॅटचा आकडा सांगतो की कॉइल किती उष्णता सहन करेल. पडदा किती लांब हलू शकतो, हे त्या आकड्यात नसतं. कॉइल अगदी थंड असतानाही पडदा फाटू शकतो. शिवाय ‘तीस वॅट’ हा आवाज न फाटता निघणारा आकडा असतो. अ‍ॅम्प पूर्ण रेटून आवाज फाडलात तर तोच अ‍ॅम्प जवळपास दुप्पट ताकद स्पीकरमध्ये ओतू शकतो.

बेसवाल्यांना आवाज वाढवायची खोड असते त्यालाही कारण आहे. आपला कान खर्जाच्या बाबतीत बराच बहिरा आहे. ऐकायला गिटारइतकाच जोर वाटायचा तर बेसला कितीतरी जास्त ताकद लागते. त्यात वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे जेमतेम जाणवतील इतके. म्हणून ज्या बँडमध्ये गिटारवाल्याला तीस वॅट पुरून उरतात, तिथे बेसवाल्याला दोनतीनशे कमी पडतात. गिटारचा अ‍ॅम्प घेऊन ड्रमसेटशी बरोबरी करायला जाऊ नका. ती लढाई तुम्ही हरणार, आणि हरताना स्पीकर घेऊन जाणार.

घरी सराव करताना मात्र खुशाल लावा. मी स्वतः अजूनही कधीकधी लावते. आधी सगळं शून्यावर ठेवायचं, गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा जोर) कमी, आणि मास्टर हळूहळू वर. ‘बेस’चा नॉब निम्म्याच्याही खाली, मिड (मधल्या सुरांचा नॉब) हवा तेवढा वर. रिव्हर्ब (घुमारा) बंद, खर्जात त्याचा नुसता चिखल होतो. अंगठ्याने फटके मारून वाजवणं आणि डिस्टॉर्शनचं पेडल, ही दोन्ही या अ‍ॅम्पवर नकोत. फटक्यात क्षणभर जो उसळता जोर असतो तो सरासरी आवाजावरून कळतच नाही.

बेसचा नॉब उतरवा म्हटलं की चेहरे पडतात. मग बेस वाजवायचा कशाला? थांबा. बेसच्या ४१ च्या सुरात नुसते ४१ नसतात; त्याच्याबरोबर ८२, १२४, १६५ असे वरचे स्वरही वाजत असतात. मूळचा खालचा सूर काढून टाकला तरी या वरच्यांच्या अंतरावरून मेंदू तो सूर स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर गाण्यातला बेस तुम्हाला कळतो ना? तिथे ४१ कंपनं मुळात वाजतच नसतात. तेव्हा तुमच्याकडे हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) असलेलं पेडल किंवा इक्वलायझर असेल, तर ७०-८० च्या खालचं सगळं छाटून टाका. सूर कळतील, चुका तर जास्तच स्पष्ट कळतील, आणि पडद्याचा जीव वाचेल. छातीत धडधडणारा आवाज तेवढा मिळणार नाही.

अ‍ॅम्पला हेडफोनची जागा असेल तर प्रश्नच मिटला. हेडफोन लावल्यावर स्पीकर खरोखर बंद होतो ना, एवढं एकदा कान लावून पाहा. बँडबरोबर वाजवायचं असेल तर डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणाऱ्या डबीतून) बेस सरळ साउंड सिस्टिमला द्या. डीआय बॉक्स बेस आणि अ‍ॅम्पच्या मधे लावायचा. अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटमधून मिक्सरला वायर नेऊ नका, मिक्सर जाईल.

काहीजण पुढे जाऊन डोकं चालवतात: गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर काढून तिथे बेसचं कॅबिनेट, म्हणजे नुसत्या स्पीकरचं खोकं, जोडतात. कल्पना उत्तम आहे. फक्त ओहमचा (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा) आकडा अ‍ॅम्पवर छापलाय तसा जुळवा. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला छापल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर देऊ नका. आणि वायर स्पीकरचीच हवी, गिटारची नको, ती बारीक असते. अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) असेल तर स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आतही हात घालू नका. प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटरमध्ये कित्येकशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.

बेसवाल्यांचं हे रडगाणं जुनंच आहे. फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस आणला १९५१ साली, आणि पाठोपाठ १९५२ मध्ये खास त्याच्यासाठी पंधरा इंची स्पीकरचा बासमन अ‍ॅम्प काढावा लागला. अ‍ॅम्पेगने १९६९ मध्ये एसव्हीटी काढला तो ३०० वॅटचा, आणि त्याच्या बंद कॅबिनेटमध्ये दहा इंची आठ स्पीकर. एकट्याने लांब पळण्यापेक्षा आठ जणांनी थोडंथोडं हलायचं, असा हिशेब. म्हणून तुमच्याकडे चार स्पीकरचं, पाठ बंद असलेलं गिटारचं कॅबिनेट असेल तर ते एका स्पीकरच्या उघड्या अ‍ॅम्पपेक्षा नक्कीच बरं. निर्धास्त राहावं इतकं नव्हे.

उलटा प्रश्नही येतो: बेसच्या अ‍ॅम्पला गिटार लावली तर? लावा की. स्पीकरला तिचं ओझं जाणवतही नाही. त्या बासमनचंच पाहा, दहा इंची चार स्पीकरचा झाल्यावर गिटारवाल्यांनी तो पळवला, आणि मार्शलचा पहिला अ‍ॅम्प त्याच्याच सर्किटवरून बेतला गेला. आजच्या बेसच्या अ‍ॅम्पवर गिटार जरा गुळगुळीत वाटेल, आणि त्यात ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर डिस्टॉर्शन कानात सुईसारखं टोचेल. ट्वीटर बंद करायचं बटण बहुधा मागच्या बाजूला असतं.