आईच्या नावाचा डबा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

डबा ओट्यावर आहे. आल्यापासून तीनदा पुसून झाला. आत भडंग, झाकण उघडलं की लसणीचा वास, आणि झाकणावर आईचं नाव. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं, आडनावाची शेवटची दोन अक्षरं झिजलेली.

सांगलीहून निघताना मैत्रिणीनं तो हातात दिला. म्हणाली, "हा तुमचा डबा. किती वर्षं राहिलाच होता बघ." मी हसले. "ठेव की तुझ्याकडंच," असं तोंडापर्यंत आलं होतं, पण बोलले नाही. गाडी पेठनाक्याला हायवेला लागली तरी तेच घशाशी अडकून होतं.

तिनं डबा परत का केला?

सांगलीच्या गावभागात आमच्या शेजारशेजारच्या दोन घरांत भांडी परत करायची अशी रीतच नव्हती. त्यांच्या वाट्या आमच्या मांडणीत, आमची परात त्यांच्या मोरीत. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या गेल्या की त्याच ताटलीतून काहीतरी यायचं, आणि ताटली कुणाची हे दोन्ही आयांनाही सांगता आलं नसतं. मग आत्ताच का? आई गेली म्हणून? वाडा विकला म्हणून? सांगलीत माझं आता काही उरलं नाही, तर एवढं तरी कशाला ठेवायचं, असं आलं असेल का तिच्या मनात?

वाड्याच्या जागी काय उभं आहे ते बघून आले. त्याबद्दल आज नको.

खरं तर दोन दिवस फार सुंदर गेले आणि तेच लिहायला बसले होते. शनिवारी आम्ही चौघी मैत्रिणी हरिपूरला संगमावर गेलो. कृष्णा गढूळ, वारणाही गढूळ, दोघी कुठे मिळतात ते कळत नव्हतं. वाटेत हळदीच्या पेवांचा, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचा, विषय निघाला. २००५च्या पुरात त्यांत पाणी शिरलं आणि कितीजणांची हळद मातीमोल झाली, ते आमच्यातली एक सांगत होती. तिच्या सासऱ्यांनी त्यानंतर पेवाकडं पाहिलं नाही म्हणे. पेव उघडल्या उघडल्या आत उतरत नाहीत, आधी हवा खेळू देतात. आम्हीही पहिला तासभर मुलांच्या परीक्षा आणि गुडघेदुखी यांवरच बोललो. मग कुणीतरी वर्गातल्या त्या बाकाची आठवण काढली आणि चौघींना एकदम हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं मी पुण्यात कुणाबरोबर अशी हसलेय, आठवून बघितलं. नाही आठवलं.

संध्याकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर. पूर्वी पाचजणी असायचो. पाचवीचं नाव कुणी घेतलं नाही. कठड्याशी मधे एक जागा मात्र मोकळी राहिली होती.

आणि एवढं सगळं देऊन शेवटी डबाही दिला.

वाडा विकल्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझी भिजायला एक फरशीसुद्धा तिथं नाही. तरी दर जुलै-ऑगस्टला पुलाशी पाणी किती फुटांवर आहे ते सांगणारा तिचा मेसेज येतोच. "आयर्विन ३६. कोयनेतून सोडलंय." "३९. मारुती चौकातली दुकानं माल वर चढवायला लागली." इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. नुसता आकडा पाठवते, खाली काही लिहीत नाही. मी पुण्यात खिडकीतून पाऊस बघत तो आकडा वाचते आणि तेवढ्यापुरती सांगलीत असते.

२०१९ला तो आकडा ५७च्या वर गेला. त्याआधीच तिचे मेसेज थांबले होते. दोन दिवस फोन बंद. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा मी नुसती रडत होते आणि ती विचारत होती, "आम्ही बरे आहोत गं. तू जेवलीस का?" तळमजल्यावर काही म्हणता काही राहिलं नव्हतं. कपाट, गाद्या, लग्नातला अल्बम, पिंपातलं धान्य. मी गेले दिवाळीनंतर. जेव्हा जायला हवं होतं तेव्हा गेले नाही. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

मघाशी चौथ्यांदा डबा घेतला, नीट पुसावा म्हणून. झाकणाची कड आत वळलेली आहे ना, तिच्या फटीत करड्या मातीची बारीक रेघ आहे. टाचणी घातली, थोडी भुकटी निघाली, बाकीची बसलेलीच आहे.

म्हणजे हा डबा पाण्यात होता.

त्या चिखलातून तिनं तो शोधला, की तिच्या हाताला लागला, कोण जाणे. स्वतःचं सगळं बाहेर फेकत असताना हा बाजूला ठेवला, घासला, आणि इतकी वर्षं सांभाळला. एका शब्दानं बोलली नाही. आजही नाही. "राहिलाच होता बघ," एवढंच.

मी ओट्याशी बराच वेळ नुसती उभी होते.

परत देण्यात काय होतं ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. कदाचित तिला वाटलं असेल, आईचं नाव मुलीच्या घरात असावं. कदाचित पुढच्या पुराची तिला खात्री वाटत नसेल. विचारलं तर "तुझं काहीतरीच" म्हणेल. आणि रिकामा दिलेला नाही, हे संध्याकाळपासून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तळाला शेंगदाणे जास्त आहेत. मी भडंगातले शेंगदाणे आधी वेचून खायचे, म्हणून काकू, तिची आई, ओरडायच्या.

साडेनऊला तिचा मेसेज आला होता. "पोचलीस का? पाणी ३४, उतरतंय." मी लिहिलं, "पोचले. जेवले." डब्याचं काही लिहिलं नाही.

गणपतीत जाईन म्हणते. पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीचं विसर्जन असतं, तेव्हा आम्ही सगळ्या सरकारी घाटावर असायचो. डबा नेईन. आईच्या हातचे रव्याचे लाडू त्यांच्याकडं आवडायचे. माझा पाक अजून एकदाही नीट आलेला नाही.

उद्या रवा आणते.