‘एल’ दाबलं आणि पाऊण तासाचं काम गेलं

भाषांतराची फाइल विम या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडी होती. पाऊण तास ओळी सुधारत होते, सेव्ह मात्र एकदाही केलं नव्हतं. मधेच दुसऱ्या टर्मिनलमध्ये मी स्वतःच एक स्क्रिप्ट चालवली. ती नवी वाक्यं त्याच फाइलमध्ये भरते हे मला माहीत होतं, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही.

विममध्ये परतले तर सूचना: फाइल बाहेर बदलली आहे, ओके (समोरचं तसंच ठेवू) की लोड (डिस्कवरचं पुन्हा वाचू)? हात सवयीने ‘एल’वर गेला. माझ्या सगळ्या ओळी गायब.

सवय कुठून लागली? डब्ल्यू ११ या सूचनेतून. फाइल फक्त बाहेर बदलली असेल तर ती येते, आणि तेव्हा लोड केलं तर काही बिघडत नाही. ही डब्ल्यू १२ होती, म्हणजे बाहेरही बदल आणि माझ्याकडेही. पर्याय तेच, म्हणून आकडा वाचलाच नाही.

चिडून ‘यू’ दाबलं आणि सगळं परत आलं! नंतर हेल्पमध्ये सापडलं की रीलोड करण्याआधी विम अख्खा मजकूर अनडूसाठी ठेवतं. त्याची मर्यादा ‘अनडूरीलोड’ या सेटिंगमध्ये असते, मुळात १०,००० ओळी. फाइल त्याहून मोठी असती तर मी रडत बसले असते.

खरी मेख पुढे होती. आता डिस्कवर स्क्रिप्टची वाक्यं आणि समोर माझी. रीलोड झाल्यामुळे विमच्या लेखी ताजी फाइल वाचून झाली होती. सेव्ह केलं असतं तर एक शब्दही न विचारता स्क्रिप्टचं काम पुसलं गेलं असतं. म्हणून माझा मजकूर वेगळ्या नावाने लिहिला, मूळ फाइल पुन्हा लोड केली, दोन्ही डिफमध्ये, म्हणजे फरक दाखवणाऱ्या रूपात, शेजारी उघडल्या आणि एकेक फरक उचलला. वीसेक मिनिटं गेली. (विम उघड्या फाइलसाठी जी स्वॅप फाइल बनवतं, तिचा इथे उपयोग नाही. दुसऱ्या विममध्ये तीच फाइल उघडी असेल तर ती सांगते, स्क्रिप्टचं तिला काय?)

मग ‘ऑटोरीड’ हे सेटिंग चालू केलं. माझा एकही बदल नसेल तर फाइल आपोआप ताजी होते, त्यामुळे डब्ल्यू ११ दिसायचीच बंद झाली. आता सूचना आली की ती डब्ल्यू १२च असते, आणि हात थांबतो. मात्र विम फाइलवर सतत नजर ठेवत नाही, म्हणून खिडकीत परतताच ‘चेकटाइम’ (फाइल बाहेर बदलली का ते तपासणारी कमांड) चालेल अशी ओळ विमआरसीत, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलीत, टाकली. एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणाऱ्या टीमक्समध्ये मी खिडकीत परतले हे विमला कळावं म्हणून फोकसच्या घटना वेगळ्या चालू कराव्या लागल्या. त्यात अर्धी संध्याकाळ गेली.

परवा पुन्हा डब्ल्यू १२ आली. ओके दाबलं, बफर, म्हणजे विममध्ये उघडा असलेला मजकूर, सेव्ह न करता थेट डिफ कमांडला पाठवला. बाहेरून दोनच ओळी बदलल्या होत्या. त्या हाताने टाइप केल्या.