मुंबई ते न्यूयॉर्क, एका दोऱ्याने मोजलेलं

पुतणी शिकायला न्यूयॉर्कला निघाली आहे. आज तिचं सामान भरताना वहिनींनी विचारलं, "भाऊ, कितलं लांब शे ते?"

मी शाळेतला पृथ्वीगोल काढला आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला. सगळेच चकित झाले. भिंतीवरच्या नकाशावर वाटतं, विमान अरबस्तान, आफ्रिका ओलांडून सरळ पश्चिमेला जाणार. दोरा मात्र वर चढला! मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँडच्या जवळून तो खाली उतरला. गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळची वाट हीच, सुमारे १२,५०० किलोमीटर. आपल्या जळगावहून रेल्वेने मुंबई ४२० किलोमीटर, म्हणजे तसे जवळपास तीस प्रवास एकापाठोपाठ.

ताशी ९०० किलोमीटर धरले तर हिशोब १४ तासांचा होतो. पण थेट विमानालाही जाताना त्याहून जास्त वेळ लागतो. बंद हवाई हद्दी टाळायला वळसा पडतो आणि उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोरदार वारे समोरून येतात. परतताना तेच वारे पाठीशी असतात, म्हणून येणं लवकर होतं. मला हे फार सुंदर वाटतं.

वहिनींना किलोमीटरपेक्षा घड्याळाची काळजी. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. सकाळी सातला, कळण्याची भाकरी थापताना फोन लावा, तिच्याकडे आदल्या दिवसाची रात्र असेल, जेवण उरकलेलं असेल. वहिनींनी ती वेळ लगेच कॅलेंडरवर लिहून ठेवली.