थिंफूत आठवलेली तुळई

२०१८ च्या जूनमध्ये भूतानची राजधानी थिंफू येथे दहावी जागतिक वृक्षवलय परिषद, म्हणजे झाडांच्या वार्षिक वलयांवरून लाकडाचा काळ आणि जुने हवामान वाचणाऱ्या शास्त्राची परिषद, भरली होती. बागडोग्रापर्यंत विमान, फुंटशोलिंगच्या सीमेवर परवान्यासाठी रांगेत गेलेला अर्धा दिवस आणि पुढे ढगांमधून वर चढत जाणारा घाटरस्ता, असा तो प्रवास झाला. यजमानांचे आतिथ्य मनापासूनचे होते. मिरची आणि चीज यांची एमा दात्शी ही भाजी लाल भाताबरोबर रोज पानात असे आणि ठेच्यावर वाढलेल्या मला ती फार आवडली. दोचुला खिंडीतील १०८ स्तूप पाहण्यात एक दिवस गेला. व्याख्यानांविषयी मात्र माझी तक्रार आहे. इतक्या दुरून आलेल्या माणसांना बारा-पंधरा मिनिटांत आपले काम उरकायला लावणे हा त्या कामावर अन्याय आहे, असे मला वाटते.

माझ्या मनात ती परिषद उरली आहे ती एका चहाच्या सुट्टीमुळे. एका संशोधकाने थायलंडमधील जुन्या सागाचा एक काप माझ्या हातात दिला. पॉलिश पेपरने घासून घासून त्याचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत केलेला होता. भिंगाखाली धरताच प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची एक रांग स्पष्ट दिसली. उष्ण प्रदेशातील बहुतेक झाडांची वलये पुसट असतात. साग मात्र कोरड्या ऋतूत पाने गाळून थांबतो आणि पाऊस आला की पुन्हा वाढू लागतो, म्हणून त्याचे वर्ष असे रेषेने आखलेले असते. कापावर पेन्सिलीने बारीक टिंबे दिलेली होती : दशकाला एक, अर्धशतकाला दोन, शतकाला तीन. मी बाहेरून आत मोजत गेले आणि ज्या वलयावर दुसऱ्यांदा तीन टिंबे भेटली, ते १८०० साल होते.

त्याच क्षणी मला आमच्या वाड्याची तुळई आठवली.

पुण्यातील आमचा वाडा २००९ मध्ये पाडला. तो पेशवाईअखेरचा, असे आजोबा सांगत. कागद कोणताच नव्हता. माजघरावरची सागवानी तुळई दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढी जाड होती. पाडकामाच्या ठेकेदाराने सगळे लाकूड घनफुटावर उचलले आणि मी अंगणात उभी राहून ते पाहिले. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. वार्षिक वलयांची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. तरीही त्या तुळईच्या टोकाचा चार बोटे जाडीचा तुकडा कापून मागावा, हे मला सुचले नाही.

जुन्या तुळईचे मोल वृक्षवलयांच्या शास्त्राला पहिल्यापासून माहीत आहे. या शास्त्राचा पाया घालणारे अँड्र्यू डग्लस मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांचा हवामानाशी संबंध शोधताना ते झाडांकडे वळले. १९२९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील शो लो येथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने त्यांच्या दोन तुटक वलयमालिका, एक आजपासून मागे जाणारी आणि दुसरी जुन्या वस्त्यांतील लाकडांची, जोडल्या आणि तेथील मूलनिवासींच्या प्राचीन पुएब्लो वस्त्यांना नेमकी वर्षे मिळाली. आपल्याकडील पावसाचा इतिहासही असाच लाकडात आहे. वृक्षवलयांचे अभ्यासक एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी आशियातील तीनशेहून अधिक ठिकाणच्या वलयांवरून २०१० मध्ये मान्सूनच्या सात शतकांच्या दुष्काळांचे नकाशे प्रसिद्ध केले. दख्खन होरपळून काढणारा १८७६ ते १८७८ चा दुष्काळ त्यांत आहे आणि १७९० च्या दशकातील लांबलेले अवर्षणही आहे. आजोबांचे म्हणणे खरे असेल, तर ते दुसरे अवर्षण आमच्या तुळईने कदाचित उभ्या झाडाच्या रूपात सोसले असेल.

त्या रात्री मी हॉटेलातून काकांना फोन केला. लाकूड कोणाला विकले गेले, याची पावती कुठे आहे का, असे विचारले. "पावती कसली, गं? रोख व्यवहार होता तो," काका म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, "देवघरातला पाट तेवढा त्या तुळईच्या तुकड्याचा आहे बघ. सुताराकडून मीच करून घेतला होता."

पुण्याला परतल्यावर मी तो पाट उलटा केला, त्याची एक कड घासली आणि भिंग लावले. एकेचाळीस वलये आहेत. एवढ्या कमी वलयांवर कालनिश्चितीचा भरवसा धरता येत नाही. शिवाय वाळवीला लवकर बळी पडणारे बाहेरचे पांढुरके लाकूड सुताराने तासून टाकले आहे, आणि झाड तोडल्याचे वर्ष त्यातच होते. तरीही दहा-दहा वलयांवर मी पेन्सिलीने एकेक टिंब दिले आहे.