गॅदरिंगमधलं कोर्ट

डिसेंबर लागला, नाशिकची थंडी बोचायला लागली की मला अजूनही शाळेचं गॅदरिंगच आठवतं. मुलींची शाळा, मागच्या मैदानात मांडव, दुपारपर्यंत रांगोळी आणि हस्तकलेचं प्रदर्शन, मग शेलापागोटे, मग बक्षीस समारंभ आणि संध्याकाळी नाच, नाटुकली वगैरे. पण आमच्या गॅदरिंगला एक आयटम असा होता की तो आजूबाजूच्या कुठल्याच शाळेत मी बघितला नाही, तो म्हणजे नववीच्या मुलींचं अभिरूप न्यायालय. आम्ही सगळ्या त्याला नुसतं "कोर्ट" म्हणायचो. "या वर्षी कोर्टात कोण आहे गं?" असं दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू व्हायचं.

हे सगळं बसवायच्या आमच्या नागरिकशास्त्राच्या बाई. नागरिकशास्त्र म्हणजे वीस मार्कांचा विषय, इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, पण बाईंना ते कधी मान्यच नव्हतं. तालमी सुरू व्हायच्या आधी त्या कोर्टातल्या मुलींना सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात घेऊन जायच्या, मागच्या बाकावर तासभर गप्प बसवायच्या आणि बाहेर आल्यावर विचारायच्या, काय पाहिलंत? आमच्या बॅचला सगळ्यात आधी काय दिसलं तर तिथे कोणीच हातोडा आपटत नाही. सिनेमात बघून आम्ही ठरवलं होतं की न्यायाधीश झालेली मुलगी लाकडी हातोडा आपटून "ऑर्डर ऑर्डर" म्हणणार. बाईंनी ते तिथेच कापलं. आपल्या कोर्टात असं नसतं, खोटं दाखवायचं नाही. त्याऐवजी शिपायाने दारात उभं राहून दिलेला पुकारा सगळ्यांना इतका आवडला की त्या रोलसाठी भांडणं झाली. कोट शेजारच्या वकिलांकडून मागून आणलेले, खांदे कोपरापर्यंत उतरलेले, आणि गळ्यातले पांढरे बँड आम्ही ड्रॉइंग पेपरचे कापून केले होते.

मी नववीत होते ते वर्ष १९८९. ६ ऑक्टोबरला फातिमा बीवी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश झाल्या, पहिल्या बाई. पेपरातलं कात्रण बाईंनी वर्गात आणलं, फळ्याशेजारी पिनने लावलं. आम्हाला वाटलं आता हे पाठ करायचं, जनरल नॉलेजला येणार. बाई म्हणाल्या, "पहिली कोण ते कळलं. दुसरी कधी येते ते बघत राहा." मग फळ्यावर १९५० लिहिलं, खाली १९८९ लिहिलं आणि वजाबाकी करायला सांगितली. एकोणचाळीस. सुप्रीम कोर्ट सुरू झाल्यापासून एकोणचाळीस वर्षं.

गॅदरिंगला मात्र त्यांनी फातिमा बीवींना घेतलं नाही, त्यांच्याही आधीच्या बाई घेतल्या, ॲना चांडी. बाईंच्या शेजारी एक मल्याळी सिस्टर राहायच्या, हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या, त्यांनी सगळी माहिती मल्याळममधून वाचून बाईंना हिंदीत सांगितली आणि बाईंनी ती मराठीत उतरवली. फातिमा बीवींच्या वडिलांना मुलीला वकिलीकडे पाठवावं असं वाटलं तेच मुळी ॲना चांडींकडे बघून, हेही त्या सिस्टरनीच सांगितलं.

ॲना चांडी १९०५ साली त्रावणकोरमध्ये, म्हणजे आजच्या केरळातल्या तेव्हाच्या संस्थानात, जन्मल्या. १९२६ मध्ये कायद्याची पदवी घेतली, केरळातल्या पहिल्या बाई. पुढे वकिली केली, गुन्हेगारी खटले चालवले, 'श्रीमती' नावाचं मासिक काढलं. १९३१ मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तर त्यांच्या बदनामीची पत्रकं निघाली आणि त्या हरल्या, पण पुढच्या वर्षी निवडून आल्या. १९३७ मध्ये त्यांना मुन्सफ नेमलं. मुन्सफ म्हणजे दिवाणी न्यायाधीशाची खालची पायरी, पण हिंदुस्थानात तोवर त्या पायरीवरसुद्धा बाई बसलेली नव्हती. १९४८ मध्ये जिल्हा न्यायाधीश आणि ९ फेब्रुवारी १९५९ ला केरळ हायकोर्टाच्या न्यायाधीश, देशातल्या कुठल्याही हायकोर्टातल्या पहिल्या बाई.

आमचं कोर्ट मात्र यातल्या कुठल्याच तारखेवर नव्हतं. ते होतं १९२८ च्या एका सभेवर. बायकांना सरकारी नोकऱ्या द्याव्यात का, असा वाद तेव्हा त्रावणकोरात पेटला होता, आणि भरसभेत एका मोठ्या विद्वान गृहस्थांनी मुद्दे मांडले की बाई नोकरीला लागली तर संसार मोडेल, पैसा ठराविक घरांतच जाईल, पुरुषाच्या स्वाभिमानाला धक्का बसेल. तेवीस वर्षांच्या ॲना चांडी उठल्या आणि एकेक मुद्दा घेऊन खोडून काढला, जणू कोर्टात उभ्या आहेत असा. बाईंनी त्या सभेचाच खटला केला. ते गृहस्थ फिर्यादी, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात "नोकरी मागणारी बाई". काजळाची मिशी काढलेली माझी मैत्रीण फिर्यादी, मी ॲना चांडी.

माझी आई तेव्हा नाशिकरोडला नोकरीला होती, पंचवटीतून रोज बस बदलून जायची. "नवरा कमावतोय की, मग हिला कशाला" हे वाड्यात कितीदा तरी माझ्या कानावर पडलं होतं. तालमीत मी ते फिर्यादीचे डायलॉग ऐकायचे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जे जिन्यात हळू आवाजात बोललं जातं तोही एक मुद्दाच असतो आणि मुद्द्याला उत्तर देता येतं. त्या रात्री आई तिसऱ्या रांगेत बसली होती. मी विचारलं की घरात दोन पगार येणं हा गुन्हा असेल तर ज्या घरात बाप आणि मुलगा दोघं सरकारी नोकरीत आहेत त्या घरावर फिर्याद कधी करणार, आणि मांडवात टाळ्या पडल्या. (हे वाक्य बाईंचं होतं, ॲना चांडींचं नाही, ते बाईंनी सुरुवातीलाच निवेदनात सांगून टाकलं होतं.) घरी जाताना आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र नळावर कोणीतरी तिला तेच नेहमीचं म्हणालं तेव्हा तिने शांतपणे ते बाप-मुलाचं सांगितलं, शब्दाला शब्द. मी वरून ऐकत होते.

एका गोष्टीवरून मात्र तालमीत फार भांडण झालं. त्रावणकोरात बायकांना फाशीतून सूट होती आणि ॲना चांडींनी त्या सवलतीला विरोध केला होता. हक्क सारखे मागायचे तर शिक्षेतही सूट नको, असं त्यांचं म्हणणं. अर्ध्या मुली म्हणाल्या हे काय भलतंच, मिळतंय ते कशाला सोडायचं. बाईंनी निकाल दिला नाही. मी आज पन्नाशीत आहे आणि मला फाशीच नको वाटते, कोणालाच, पण त्यांच्या म्हणण्याचा सरळपणा तेव्हाही आवडला होता आणि अजून आवडतो. मान देतोय म्हणून काढून घेतलेलं काय आणि दया म्हणून दिलेलं काय, दोन्हीकडे त्यांचं सारखंच लक्ष होतं. लग्न झालं म्हणजे नवऱ्याला बायकोच्या शरीरावर हक्क मिळाला, तिच्या इच्छेचा प्रश्नच नाही, या कायद्यालाही त्यांनी विरोध केला होता आणि बायकांसाठी संततिनियमनाची केंद्रं मागितली होती, तीही १९३० च्या दशकात. हे अर्थातच गॅदरिंगमध्ये नव्हतं. बाईंनी ते आम्हाला दहावीच्या निरोप समारंभानंतर सांगितलं, रिकाम्या वर्गात दार लोटून, आणि आम्ही कितीतरी वेळ तिथून उठलो नाही.

आमच्या पुढच्या बॅचने कॉर्नेलिया सोराबजी केल्या. त्या न्यायाधीश नव्हत्या, वकील, पण आपल्या नाशिकच्या! १५ नोव्हेंबर १८६६ चा जन्म इथला, आणि हे मांडवातल्या कितीतरी मोठ्या माणसांना माहीत नव्हतं. ऑक्सफर्डला १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण तिथे बायकांना पदवीच देत नसत म्हणून ती हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी पडद्यातल्या, पुरुष वकिलासमोर येऊ न शकणाऱ्या बायकांच्या इस्टेटींसाठी काम केलं. पुढे त्या इंग्रजांच्या बाजूने आणि गांधीजींच्या विरोधात बोलत, तेही बाईंनी नाटकात ठेवलं. एक पालक नाराज झाले, तरी ठेवलंच.

१९९४ च्या नोव्हेंबरात मी कॉलेजला होते. सुजाता मनोहर सुप्रीम कोर्टात गेल्या, मुंबई हायकोर्टातल्याही पहिल्या बाई न्यायाधीश त्याच होत्या, १९७८ मध्ये. मी सायकल काढली आणि बाईंच्या घरी गेले. दारातूनच म्हटलं, बाई, दुसरी आली. बाई म्हणाल्या, "पाच वर्षं. बस, चहा टाकते." १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा निकाल आला, तिघांच्या त्या खंडपीठात सुजाता मनोहर होत्या, तेव्हा आमच्यातली एक वकील झालेली मैत्रीण निकालाची झेरॉक्स घेऊन माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याला आली होती आणि जेवणाच्या पंगतीत ती हातोहात फिरली, एका पानावर मठ्ठ्याचा डाग पडला तो अजून आहे.

हो, मेळावा अजून होतो, दर वर्षी. शाळेचं कोर्ट बाई रिटायर झाल्यावर बंद पडलं, पण मेळाव्यात आम्ही करतो, कोट आता अंगाला घट्ट होतात. ३१ ऑगस्ट २०२१ ला सुप्रीम कोर्टात एकाच दिवशी तीन बायकांनी शपथ घेतली तेव्हा ग्रुपवर आमच्या आधी बाईंचाच मेसेज आला होता, नुसता आकडा, ३. २०२३ च्या नोव्हेंबरात फातिमा बीवी गेल्या आणि त्या डिसेंबरच्या मेळाव्यात आम्ही १९८९ चाच खटला पुन्हा उभा केला, मिशी त्याच मैत्रिणीला, पिंजऱ्यात या वेळी माझी लेक. बाई व्हीलचेअरवर पुढे बसलेल्या. पुकारा देणारी मैत्रीण आवाज चिरकून मध्येच थांबली, तर बाईंनीच बसल्या जागेवरून, हात तोंडाशी धरून, पूर्ण केला.